दोनपासून मोजणारा संगीतकार

"ताई, हा बाजा जरा मांडीवर घेता का? मला बसायचं होतं…"

येडशीला एसटी थांबली आणि गर्दीतून वाट काढत तो माझ्या सीटपाशी येऊन उभा राहिला. खांद्याला पिशवी, अंगात पांढरा शर्ट, रेल्वेच्या प्रवासानं विस्कटलेले केस आणि तोंडावर अशी काही नम्रता, की दुसरी कुणी असती तर तिनं स्वतः उठून जागा दिली असती. मी हललेसुद्धा नाही. खिडकीशी मी होते आणि माझ्या शेजारी आमचा युफोनियम होता. युफोनियम म्हणजे बँडमधला तो मोठा, पोटाशी धरून वाजवायचा पितळी बाजा. धाराशिवला त्याचे पोचे काढून, झडपा नीट करून घेऊन निघाले होते.

"त्याचं तिकीट काढलंय," मी म्हणाले.

"माझंही काढलंय."

"मग उभ्यानं जायचं काढलं असंल."

तो हसला. हसला की त्याच्या डाव्या गालावर खळी पडते, हे फ्लेक्सवर दिसत नव्हतं. हो, फ्लेक्सवर! मी त्याला बघताक्षणी ओळखलं होतं. गेले कित्येक दिवस भूमच्या स्टँडपासून बाजारापर्यंत एक खांब मोकळा नव्हता. 'भूमचे सुपुत्र, जगप्रसिद्ध सिंफनीकार नंदीश सिद्रामप्पा यांचा भव्य नागरी सत्कार.' हनुवटीखाली मूठ आणि नजर कुठंतरी ढगात. ओळखलं होतं, म्हणूनच तर युफोनियम हलवला नव्हता.

आता हा राग का, ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही मलाच आगाऊ म्हणाल.

मी दैवशाला. भूमच्या 'काळभैरव ब्रास बँड'चे मालक महारुद्र माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो. सोनारीचा भैरवनाथ आमचं दैवत, म्हणून बँडला त्याचं नाव. दादांना दम लागायला लागल्यापासून बँडच्या पुढं मीच असते. हातात क्लॅरनेट, आणि सगळा बँड माझ्या हाताच्या खुणेवर. सत्कार समितीचे अध्यक्ष कल्याणप्पा बँड ठरवायला आले, तेव्हा मी म्हणाले, माणूस सिंफनी लिहितो तर त्याच्या सत्काराला त्याचीच सिंफनी वाजवू. कल्याणप्पा "बरं बरं" म्हणाले. सिंफनी म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मलाही नव्हतं. मग कळलं, की साठ-सत्तर वाजवणारे, प्रत्येकाचा सूर कागदावर लिहिलेला, आणि तीन-चार भागांत उलगडत जाणारी एकच मोठी गोष्ट, फक्त शब्दांशिवाय. कानाला मोबाइल लावून मी त्याच्या सगळ्या सिंफनी ऐकल्या. त्यानं स्वतः लावलेल्या यादीत क्रमांक दोन होता, तीन होता, चार होता. एक नव्हताच!

भूमच्या शाळेत दोनपासून अंक शिकवत नाहीत. मी हट्टाला पेटले. कुणीतरी जुन्या कार्यक्रमात मोबाइलवर टिपलेली पहिली सिंफनी यूट्यूबच्या तळाशी सापडली. आवाज फाटका. पण पहिल्याच मिनिटाला अंगावर काटा आला. त्यात पितळेचा खणखणाट होता, साइड ड्रमची तडतड होती. आणि शेवटच्या भागात दोन वेगवेगळ्या चाली दोन दिशांनी चालत येऊन एकमेकींवर आदळत होत्या. चौकात दोन वराती समोरासमोर आल्या की दोन्ही बँड कसे इरेला पडतात, अगदी तेच. हे आमचं होतं! आणि त्याच माणसानं एका मुलाखतीत सांगितलं होतं, "ते अपरिपक्व लेखन होतं. मी ते मागे घेतलं आहे."

मागे घेतलं म्हणे. आम्हाला विचारलं?

तर असा तो माझ्यासमोर दांडीला धरून उभा होता, आणि येडशीचा घाट लागला तसा अवकाळी पाऊस सुरू झाला. माझ्या खिडकीची काच अर्ध्यात अडकलेली. मी ओढली, चापट्या मारल्या… काच ढिम्म. तिरपे थेंब सरळ आत यायला लागले. मी ओढणी सावरेपर्यंत त्यानं पिशवीतून शाल काढली होती. मला वाटलं, आता अंगाभोवती गुंडाळून घेईल. त्यानं ती युफोनियमवर घातली. अगदी हळू, झडपांच्या बाजूनं नीट खोचून.

"तुमी भिजायलाव की," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मी वाळेन. झडपांत पाणी गेलं तर उद्या अडकतील त्या."

त्याच्या पापण्यांवर पाणी होतं. मी नजर काढून घेतली आणि… काय करणार, युफोनियम मांडीवर घेतला. तो शेजारी बसला. ओल्या शर्टाचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता, आणि घाटातल्या वळणांचा दोष तरी किती द्यायचा?

"कुणाचं लग्न आहे?" त्यानं विचारलं.

"लग्न न्हाय. तुमचा सत्कार."

"म्हणजे ओळखलंत!"

"खांबाखांबाला लटकलाव. न ओळखायला मी आंधळी हाय का?"

तो मोकळेपणानं हसला. "आणि तरी उभं ठेवलंत मला? बरं, काय वाजवणार आहात?"

"तुमची पहिली सिंफनी."

खळी एकदम मिटली. "ती… ती नका वाजवू. कृपा करा. चौथी वाजवा हवं तर, नाहीतर काहीच नको. पहिली मी मागे घेतलीय."

"का?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ती पहिल्यांदा मुंबईत वाजली ना, तेव्हा एका मोठ्या समीक्षकांनी लिहिलं होतं… 'ही सिंफनी नव्हे, हा लग्नातला बँडबाजा आहे.' सगळीकडे तेच एक वाक्य. मित्र भेटले की वरात कधी निघणार विचारायचे. त्यानंतर मी वेगळं लिहायला लागलो."

माझ्या डोक्यात सणक गेली. पाऊस, शाल, पापण्या, सगळं विसरले.

"बँडबाजा ही शिवी हाय व्हय?"

"तसं नाही म्हणायचं मला—"

"तसंच म्हणलाव! त्यानं शिवी म्हणून दिली आन् तुमी शिवी म्हणून घेतली. माझा बाप जन्मभर तेच वाजवतोय. या गाडीतल्या निम्म्या लोकांच्या लग्नात आमीच वाजवलंय. इचारा की!"

पुढच्या सीटवरच्या एक आजीबाई मागं वळून म्हणाल्या, "माझ्या नातवाच्या लग्नात तुमीच व्हताव की गं. लई झ्याक वाजवलं." कंडक्टर तिकिटांचं यंत्र खाली करून ऐकायला लागला. मला आता कुणाचीच भीड उरली नव्हती.

"सांगू तुमच्या सिंफनींचं काय झालं ते? पहिलीत तुमी भूमचे व्हताव. दुसरीत तुमाला लाज वाटली. ढोल हाकलला, पितळ हाकललं, नुसती व्हायोलिनं ठिवली. ऐकायला ग्वाड हाय, पर पाव्हण्यांसाठी पुसून ठिवलेल्या बैठकीत बसल्यागत वाटतं, पाय पोटाशी घेऊन. तिसरीत तुमी गणितात लपलाव. बारा सूर घेतले, ते उलटे केले, पालथे केले, एकबी चाल म्हणून तोंडात ऱ्हात न्हाय. आन् चौथीत? चौथीत तुमची वाचाच गेली! एक सूर, मंग गप. दोन सूर, मंग लई येळ गप. लोकं त्याला बक्षीस देतेत. आमी तसं वाजवलं तर नवरीचा बाप चपला काढंल."

आख्खी गाडी हसली. तो हसला नाही. तो माझ्याकडे टक लावून बघत होता. रागानं नाही… कसं सांगू… खूप दिवसांनी कुणी नावानं हाक मारावी आणि माणसानं थबकावं, तसं.

"सगळ्या ऐकल्यात तुम्ही?" तो म्हणाला. "पहिल्यापासून शेवटपर्यंत?"

"ऐकल्याशिवाय शिव्या देत न्हाय मी."

भूमला उतरताना त्यानं युफोनियम स्वतः उचलून रिक्षात ठेवला. शाल मात्र परत मागितली नाही. म्हणाला, "उद्या तालमीला आलो तर चालेल?" मी म्हणाले, शेड काय माझ्या बापाचं— मग आठवलं, की ते खरंच माझ्या बापाचं आहे. "या," म्हणाले, आणि घरी येईपर्यंत स्वतःवरच चिडत राहिले.

तो आला. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही शेवटचा भाग बसवत होतो. अर्धे वाजवणारे एका भिंतीला, अर्धे समोरच्या भिंतीला, दोन चाली समोरासमोर. तो दारात उभा राहिला. मी त्याला मुद्दाम बघितलं नाही, म्हणजे पुन्हा पुन्हा बघितलं नाही. वाजवणं संपलं तेव्हा तो दाराच्या चौकटीला टेकून डोळे मिटून उभा होता.

"क्लॅरनेटचा तो वरचा सूर," तो पुढं येत म्हणाला, "माझ्याच लिहिण्यात चुकला होता. थोडा खाली उतरतो. मी नंतर—"

"चुकला न्हाय. समोरून येणाऱ्या बँडचा सूर कधी आपल्याशी जुळतो का? तो खालीच असतो. म्हणून तर भांडण लागतं."

"म्हणजे चूक बरोबर आहे?"

"चूक बरोबर हाय. मागं घ्यायचं तेवढं चूक हाय."

"कुठल्याही विषयावरून तिथंच येता तुम्ही."

"विषय तुमी दिलाय."

दादांनी चहा मागवला. दादा त्याच्याशी फार अदबीनं बोलत होते, आणि त्यानं मला अजूनच राग येत होता. सगळे चहाला बाहेर गेल्यावर तो उलट्या घातलेल्या ढोलाशेजारी बसला. पत्र्यावरच्या भोकातून एक उन्हाचा कवडसा त्याच्या हातावर पडला होता. लांब, निवांत बोटं. बशीतला चहा तसाच निवत होता.

"पहिली वाजवा," तो म्हणाला. "मी अडवणार नाही. पण चौथीला वाचा गेली म्हणालात ना, त्याचं एक सांगायचंय."

"सांगा."

"माझी आई गेली तेव्हा मी इथंच होतो. आमच्यात गेलेल्या माणसाला झोपवत नाहीत, बसवतात, ठाऊक असेल तुम्हाला. आईला दारात फुलांच्या आसनावर बसवलं होतं. मी तिच्या शेजारी होतो. भजनवाले जरा थांबले होते. आणि लांबून वरात यायला लागली. बँड जोरात होता. मला वाटलं, आता हे आमच्या दारावरून असंच जाणार. उठून ओरडावंसं वाटलं. पण पाय उचलेना. मग कोपऱ्यावर बँड दिसला. पुढं एक मुलगी होती, क्लॅरनेट घेतलेली. तिनं आमच्या दारातली गर्दी बघितली आणि हात वर केला…"

मी बशी खाली ठेवली.

"…आणि सगळं बंद. ढोल, झांज, सगळं. नवरदेव घोड्यावर, मागं एवढं वऱ्हाड, आणि सगळे नुसते चालत गेले. चपलांचा आवाज. घोड्याच्या नालांचा. एक बाई आमच्या दाराकडं बघून हात जोडून गेली. लांबच्या वळणावर त्या मुलीनं हात खाली केला आणि तिकडं बँड सुरू झाला. त्या घडीला आईसाठी कुणी काही वाजवत नव्हतं की गात नव्हतं, पण तेवढं थांबलं ते… चौथी सिंफनी म्हणजे ते आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढंच आहे."

मला तो दिवस आठवेना. आठवणार कसा? मयताच्या दारावरून वाजवत जायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नेम आहे. वरात कुणाचीही असो, नवरीचा बाप कितीही ओरडो. दार दिसलं की माझा हात आपोआप वर जातो. असे कितीतरी दरवाजे झाले असतील. त्यातल्या एका दारात हा बसला होता, आणि माझा हात घेऊन जगभर गेला होता. मी ती शांतता पुन्हा पुन्हा ऐकली होती आणि मला, बँडवालीला, ती ओळखू आली नव्हती. माझे डोळे भरून आले. त्याच्या आईसाठी आले, खरंच.

आणि त्याच क्षणी दुसरी गोष्ट आठवली.

"थांबा. मुलाखतीत काय सांगितलंत? चौथी कुठं सुचली म्हणालाव?"

त्यानं निवलेल्या चहाची बशी उचलली.

"जपानात! कुठल्या बागेत दगड बघत बसलाव आन् शांतता सुचली म्हणं! मी वाचलंय ते!"

"दैवशाला, तिथं कुणाला कळलं असतं? भूम, वरात, मयताचं दार—"

"न कळू द्या! कळंस्तवर सांगायचं! साठ-सत्तर माणसं व्हायोलिनं घेऊन गप बसवलीत, त्यांना तरी सांगायचं का गप बसायचंय ते! पहिली लपवलीत ती एक. ही तर सगळ्यांसमोर मांडलीत आन् तिचं गाव लपवलंत. आईचं दार लपवलंत! त्या बागेतल्या दगडांनी तुमच्यासाठी वाजवणं थांबवलं व्हतं व्हय?"

माझा आवाज पत्र्याला लागून परत येत होता. बाहेर चहाचे कप वाजायचे थांबले. तो उठला. वाटलं, निघून जाणार. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला, अगदी जवळ, आणि हळू म्हणाला, "मला भीती वाटते. परत कुणी बँडबाजा म्हणेल याची. आईच्या बाबतीत ते सहन झालं नसतं."

रागही होता आणि त्याच्या कपाळावर आलेली बट मागं सारावी असंही वाटत होतं. दोन्ही एकदम व्हायला नको होतं.

"उद्या सत्काराला या," मी म्हणाले. "आमी वाजवणार. तुमी काय करायचं ते तुमी ठरवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही लाल कोट, पिवळ्या दोऱ्या घालून हजर. कल्याणप्पा लगबगीनं आले आणि म्हणाले, "गेटवर थांबा. पाव्हणे आले की स्वागताचं वाजवा, आन् मंग तिकडं जेवून घ्या."

"आन् सिंफनी?"

"अगं बाई, मुंबईचे मोठे समीक्षक यायलेत. त्यांच्यापुढं बँड चढवायचा व्हय स्टेजवर? चौथी सिंफनी स्पीकरवर लावतोय आमी थोडी. तीच बक्षिसाची हाय."

"आमी महिनाभर तालीम केलीय, कल्याणप्पा."

"मंग वाजवा की गेटवर. कोण न्हाय म्हणतंय?"

दादांनी माझ्या दंडाला धरलं. "जाऊ दे माय. मोठी माणसं हैत." माझ्या रागात तेवढीच भर पडली. स्वागताचं वाजवून आम्ही गेटवरच थांबलो. नंदीश स्टेजवर होता, शालींच्या ढिगाऱ्यात. पहिल्या रांगेत त्याचे वडील, कापड दुकानवाले सिद्रामप्पा, ताठ बसलेले. नंदीश मान वर करून गेटकडं बघत होता. मी मुद्दाम तोंड फिरवलं.

समीक्षक बोलायला उभे राहिले. बोलणं गोड होतं, आवाज भारदस्त होता. कर्णा गेटवरच बांधलेला असल्यामुळं एकेक शब्द आमच्या कानात. ते नंदीशच्या प्रवासाबद्दल सांगत होते. दुसऱ्या सिंफनीत तो कसा निवळला, तिसरीत कसा शिस्तीत आला, चौथीत मौनापर्यंत कसा पोचला. आणि मग म्हणाले, "लग्नातल्या बँडबाजाच्या गोंगाटातून बाहेर पडून इतक्या निर्मळ शांततेपर्यंत येणं, हे सोपं नव्हतं. त्या गोंगाटाची आज आठवणही उरलेली नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या पोराचं कौतुक चाललंय एवढंच त्यांना कळलं होतं. पण दादांना सगळं कळलं. त्यांनी डोक्यावरची लाल टोपी काढली आणि मागं धरली, कुणाला दिसू नये अशी.

बस्स! ती टोपी मी त्यांच्या हातातून घेतली आणि परत त्यांच्या डोक्यावर ठेवली. मग बँडकडं वळले.

"शेवटचा भाग. निम्मे डावीकडनं, निम्मे उजवीकडनं. स्टेजपाशी भेटायचं."

"दैवशाला…" दादा म्हणाले.

"दादा, ढोल उचला."

आणि आम्ही आत शिरलो. दोन बाजूंच्या वाटांनी दोन बँड, दोन चाली. खुर्च्यांवरचे लोक उभे राहिले. पोरांना काय, वाजायला लागलं की त्यांचे पाय थांबत नाहीत. दोन्ही बँड समोरासमोर आले तशी ती पोरं मधल्या जागेत नाचायला लागली. एकानं नागीण नाचायला तोंडात रुमालही धरला. कल्याणप्पा दोन्ही हात हलवत ओरडत होते, "बंद करा! अरे, सिंफनीचा कार्यक्रम हाय हा!" समीक्षक माइकपाशी तसेच उभे. आणि नंदीश उठला.

तो माइककडं चालत गेला. आता हा म्हणणार, थांबवा. आता हा सभ्य भाषेत माफी मागणार सगळ्यांची. तसं झालं असतं तर मी त्याचं तोंड पुन्हा बघितलं नसतं. शाल मात्र रिक्षानं परत पाठवली असती.

मी हात वर केला. बँड थांबला. एवढा मोठा मंडप एकदम गप्प.

"मित्रहो," तो म्हणाला. आणि थांबला. मग माइक घट्ट धरला. "पाव्हणे ज्याला गोंगाट म्हणाले ना, तो माझा हाय. आत्ता हे जे वाजवत आले ती माझी पहिली सिंफनी हाय. भूमच्या चौकात उभं राहून जे ऐकलं ते म्या लिहिलं. कुणी नावं ठिवली म्हणून म्या लपवली. चूक झाली."

कुठंतरी एक खुर्ची वाजली, तेवढीच.

"आन् चौथीतली शांतता बागेतली न्हाय. म्या खोटं सांगितलं व्हतं. माझी आई गेली त्या दिवशी ह्या बँडनं आमच्या दारात वाजवणं थांबवलं. ती शांतता ह्यांनी दिली. म्या फकस्त लिहून घेतली."

सिद्रामप्पांनी मान खाली घातली आणि उपरण्यानं डोळे पुसायला लागले. समीक्षक खुर्चीत जाऊन बसले. त्यांना काय वाटलं ते मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलंही नाही. दादा ढोलावर हात ठेवून ताठ उभे होते.

नंदीश स्टेजवरून खाली उतरला. सगळ्या शाली कल्याणप्पांच्या हातात दिल्या. झांज वाजवणाऱ्याकडून झांज घेतली आणि माझ्याकडं बघितलं. खळी पडली होती.

"पहिल्यापासून घ्यायचं का?" त्यानं विचारलं.

मी हात खाली केला.

सांगायला नको, पण सांगते. स्वतःच्याच सिंफनीत तो प्रत्येक वेळी उशिरा वाजवत होता.

ऊन उतरलं तेव्हा आम्ही मंडपामागं टेम्पोत सामान चढवत होतो. लोक पांगले होते. अवकाळीच्या दोन-चार सरी परत येऊन गेल्या होत्या आणि मातीला वास सुटला होता. तो आला. कोपरापर्यंत बाह्या वर केलेल्या, हातात झांज, तिच्या दोरीनं बोटं लाल झालेली. मी क्लॅरनेटचे तुकडे सुटे करून पेटीत ठेवत होते.

"राग गेला का?" तो म्हणाला.

"न्हाय. झांज धरता येत न्हाय तुमाला."

"शिकेन. एक काम होतं… बँड ठरवायचाय."

"दादांशी बोला. तारखा तेच बघतेत."

"लग्नासाठी ठरवायचाय. माझ्या."

पेटीचं झाकण माझ्या बोटावर आपटलं. लागलं, पण मी दाखवलं नाही. वा रे वा! एवढं सगळं झालं आणि लग्न ठरवून बसला होता म्हणजे. शाल घालायची एकीच्या बाजावर आणि—

"कुठली हाय पोरगी?" मी पेटीकडं बघतच विचारलं.

"इथलीच. अजून हो म्हणली नाही."

"मंग आधी तिला इचारा की. बँड कशाला ठरवायलाव?"

"तेच…" त्याचा आवाज एकदम इतका खाली आला की मला पुढं वाकावं लागलं. "तेच इचारायलोय. आत्ता."

पाऊस पडत नव्हता, तरी मंडपाच्या कापडावरून एक-एक थेंब गळत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. जगभर सिंफनी वाजवून आलेला माणूस माझ्यासमोर झांजेच्या दोरीचे पीळ सोडवत उभा होता, आणि माझं काळीज साइड ड्रमसारखं वाजत होतं. पण खरं सांगू? मला तेव्हाही रागच आला.

"हळू काय बोलायलाव?" मी म्हणाले.

"अं?"

"पहिली लपवली. चौथीचं गाव लपवलं. आता मलाबी लपवणार व्हय? मोठ्यानं इचारा!"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. दादा टेम्पोत उभे होते. युफोनियमवाला, ढोलवाला, झांजवाला, सगळे हातातलं सोडून आमच्याकडं बघत होते. मंडपाच्या कोपऱ्यावर सिद्रामप्पा छत्री घेऊन येऊन थांबले होते. त्यानं एकदा वडिलांकडं बघितलं, एकदा माझ्या वडिलांकडं. मग त्यानं मोठा श्वास घेतला.

"दैवशाला, माझ्याशी लग्न करशील का?"

इतक्या मोठ्यानं, की समोरच्या झाडावरचे पक्षी उडाले. सिद्रामप्पांनी छत्री मिटली आणि दादांकडं बघून हात जोडले. दादांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि त्यांना हात जोडले.

"धरा तारीख," मी म्हणाले. आवाज कापत होता, म्हणून अजून जोरात बोलले. "पर त्या दिवशी आमचा बँड मिळणार न्हाय."

"का?"

"क्लॅरनेटवालीचं लग्न हाय त्या दिवशी."